वीस फ्रँकची शिकवणी

१८३३च्या जानेवारीत फ्रेदेरिक शोपँने पॅरिसहून आपल्या एका पोलिश मित्राला पत्र लिहिलं. आज मला पाच शिकवण्या आहेत, असं त्यात त्याने सांगितलं आणि लगेच खुलासाही केला. तुला वाटेल मी बक्कळ पैसा करतोय, पण घोडागाडी आणि पांढरे हातमोजे यांनाच त्याहून जास्त लागतात, आणि ते नसतील तर इथे कोणी विचारत नाही. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि पॅरिसला येऊन त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

शोपँ म्हटलं की आपल्यापुढे खोकणारा, फिकट चेहऱ्याचा, चांदण्यात नॉक्टर्न वाजवणारा तरुण उभा राहतो. सिनेमांनी तेच चित्र पक्कं केलं. पण हा माणूस पोट भरायला काय करत होता? तो घरी शिकवण्या घेत होता. आयुष्यभरात त्याचे जाहीर कार्यक्रम तीसच्या आसपास झाले. गर्दीपुढे वाजवायची त्याला धास्ती वाटे. रचना प्रकाशकांना एकरकमी विकलेल्या असत, त्यामुळे पुढे त्या कितीही खपल्या तरी त्याला त्यातलं काही मिळत नसे. घरभाडं, नोकर, गाडी, शिंप्याची बिलं हा सगळा संसार चालायचा तो मुख्यतः सकाळी दाराची घंटा वाजवून आत येणाऱ्या विद्यार्थ्यांवर. १८३२पासून १८४९मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षं, ही शिकवणी चालली. या काळात त्याच्याकडे शिकलेल्यांची नावं अभ्यासकांनी गोळा केली आहेत आणि ती दीडशेच्या घरात जातात.

पियानोचा खाजगी क्लास कसा चालवावा यावर आज पुस्तकं निघतात, कार्यशाळा होतात. मला त्या सगळ्यापेक्षा शोपँचा क्लास शिकण्यासारखा वाटतो, आणि याचं कारण त्याची कीर्ती नव्हे. तो ज्यांना शिकवत होता त्यातले बहुतेक जण कधीच व्यावसायिक वादक होणार नव्हते. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी त्याने त्यांना अर्धंमुर्धं शिकवलं नाही.

आधी पैशांचं बोलू. पैशांचं बोलायला संगीतातल्या लोकांना नेहमीच जड जातं. शोपँची फी एका धड्याला वीस फ्रँक होती. विद्यार्थ्याच्या घरी जावं लागलं तर तीस, आणि न्यायला गाडी पाठवायची. त्या काळी पॅरिसमधल्या कामगाराला दिवसाला तीन-चार फ्रँक मजुरी मिळे, म्हणजे एका तासाला त्याचा जवळजवळ आठवडा. पैसे शोपँच्या हातात कोणी देत नसे. जाताना शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे आणि निघायचं. आपल्याकडेही बाईंना फी द्यायची तर पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. आता त्याची जागा भिंतीवरच्या क्यूआर कोडने घेतली आहे. त्यातही एक सोय अशी की कोणाला कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

ही चढी फी म्हणजे हाव नव्हती. पॅरिसमध्ये शिकवण्या घेणारे ढिगाने होते, आणि स्वस्तात शिकवणाऱ्याकडे स्वस्तातले विद्यार्थी यायचे. शोपँला दिवसाला पाचेक जणच हवे होते, कारण त्याची प्रकृती त्याहून जास्त सोसणारी नव्हती. हवापालट म्हणून शहर सोडायचं तर तेही याच कमाईत बसवायला हवं होतं. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू व्हायचा आणि मे महिन्याच्या सुमाराला संपायचा. उन्हाळ्यात सरदार मंडळी आपापल्या वाड्यांवर निघून जात. शोपँ १८३९ साली आणि पुढे १८४१ ते १८४६ दर उन्हाळ्यात लेखिका जॉर्ज साँ हिच्या नोआं या गावच्या घरी राहायचा आणि तिथे लिहायचा. त्याच्या उत्तरायुष्यातल्या मोठ्या रचनांचं बरंचसं काम या शिकवणीबंद महिन्यांतलं आहे. वर्षाचा हिशेब सात-आठ महिन्यांच्या मिळकतीवर बसवणं हे घरी क्लास घेणाऱ्या प्रत्येकाला करावं लागतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी आली की क्लास रिकामे होतात, आणि तरी दर वर्षी एप्रिल उजाडला की शिकवणारे चकित होतात.

आता खोलीत जाऊ. शिकवणीच्या खोलीत दोन पियानो असत, दोन्ही प्लेयेल कंपनीचे. विद्यार्थी मोठ्या ग्रँडवर बसायचा. शोपँ बाजूला छोट्या उभ्या पियानोवर. चांगलं वाद्य विद्यार्थ्याला आणि साधं स्वतःला, ही मांडणी मला फार बोलकी वाटते. कॉन्चेर्तो शिकवताना वाद्यवृंदाचा भाग तो त्या छोट्या पियानोवर, बहुतेक वेळा पाठच, वाजवायचा. सांगण्यापेक्षा वाजवून दाखवण्यावर त्याचा भर होता. धडा पाऊण तास ते तासाभराचा ठरलेला असे, पण आवडता विद्यार्थी असला तर घड्याळाकडे लक्ष नसायचं. मेट्रोनोम मात्र पियानोवरून कधी हलला नाही, असं त्याचा विद्यार्थी कारोल मिकुली सांगतो. लयीशी खेळण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाच्या पियानोवर मेट्रोनोम बघून काहींना नवल वाटतं. वाटायला नको. त्याचं सांगणं असं की डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, त्याने लय सोडायची नाही, मग उजव्याने हवं तेवढं रेंगाळावं; यालाच रुबातो म्हणतात. विलंबित ख्यालात तबलजी ठेका सोडत नाही म्हणून गायकाला मात्रा चुकवून समेवर यायची मुभा असते, तसंच हे. मराठी वाचकाला रुबातो समजवायला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

पहिल्या दिवशी तो काय शिकवायचा? इथे त्याने त्या काळच्या सगळ्या पियानो-मास्तरांना उलटं पाडलं.

तेव्हाची पद्धत अशी होती: पाचही बोटं मुळात असमान असतात, त्यांना व्यायाम देऊन सारखं करायचं. पॅरिसमधलं या पद्धतीचं मोठं नाव म्हणजे फ्रेडरिक काल्कब्रेनर. तो पियानोच्या पट्ट्यांसमोर एक आडवी लाकडी दांडी बसवायला सांगे. मनगट-बाहू त्या दांडीवर टेकवायचे आणि फक्त बोटं हलवायची, तासन् तास. कंटाळा येतो? मग समोर काहीतरी वाचायला ठेवा, असाही त्याचा सल्ला होता. हा विनोद नाही. पुढे मोठा संगीतकार झालेला सां-साँस लहानपणी याच दांडीवर शिकला. शोपँ नुकताच पॅरिसला आला तेव्हा काल्कब्रेनरने त्याला तीन वर्षं आपल्याकडे शिकायचा प्रस्ताव दिला होता. वॉर्साचे त्याचे गुरू एल्स्नर यांनी घाई करू नको म्हणून कळवलं. शोपँने नम्रपणे नाही म्हटलं, आपला कॉन्चेर्तो काल्कब्रेनरला अर्पण केला आणि स्वतःच्या शिकवणीत सगळं त्याच्या विरुद्ध केलं.

शोपँचं म्हणणं होतं की बोटं वेगवेगळी घडली आहेत ती तशीच राहू द्या. अंगठा जाड आणि मोकळा, करंगळी टोकाची, मधलं बोट लांब, अनामिका मधल्या बोटाला बांधलेली. त्या दोघांना वेगळं करायचा खटाटोप करू नका, तो साधणारही नाही. प्रत्येक बोटाचा नाद वेगळा येतो, तर तो वेगळेपणाच वापरा. आणि हात ठेवायचा कुठे? ‘सी’वर नव्हे. घरात हार्मोनियम किंवा की-बोर्ड असेल तर आत्ता करून बघा. उजव्या हाताचा अंगठा पांढरी तीनवर ठेवा, पुढची तीन बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर, आणि करंगळी पांढरी सातवर. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर जातात, आखूड बोटं खालच्या पांढऱ्यांवर. हात आपोआप कमानीत येतो, मनगट सैल पडतं, कोणी काही सांगावं लागत नाही. म्हणून शोपँ पहिला स्केल ‘बी मेजर’चा द्यायचा, म्हणजे पांढरी सात धरून, पाचही काळ्या पट्ट्या वापरून. ‘सी मेजर’ सगळ्यात शेवटी. तो स्केल वाचायला सोपा म्हणून सगळे पहिला शिकवतात. हाताला मात्र तोच अवघड, कारण सगळ्या पट्ट्या एका पातळीत आणि बोटं मात्र लहान-मोठी.

आजही जगातली बहुतेक नवशिक्यांची पुस्तकं मधल्या ‘सी’पासून सुरू होतात. कागदावर ते सोयीचं पडतं. मुलाचा हात पहिल्या महिन्यात कडक होतो तो का, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

रियाज किती करायचा? दिवसाला तीन तासांच्या वर नाही. फ्रांझ लिस्टसारखे लोक आठ-दहा तासांच्या गोष्टी सांगत असताना शोपँ विद्यार्थिनींना सांगे की मधेमधे उठा, चांगलं पुस्तक वाचा, चित्रं बघा, फिरून या. मन दुसरीकडे ठेवून बोटं चालवण्यात त्याला काही अर्थ दिसत नव्हता. आणि गाणं ऐका! याबाबतीत तो अगदी हट्टी होता. इटालियन ऑपेरा ऐकायला जा, रुबिनी कसा श्वास घेतो, मालिब्रान कशी एका स्वरावरून दुसऱ्यावर जाते ते बघा. जमलं तर स्वतः गाणं शिका. पियानोची तार एकदा वाजली की स्वर विझतच जातो, त्याला गाता येत नाही. हे वाद्याचं उणेपण कानाने झाकायचं असतं, आणि तो कान तयार व्हायला पियानो पुरत नाही.

अभ्यासक्रमात क्लेमेंटीचे प्रेल्यूड आणि एक्झरसाइझ, क्रामरचे एत्यूद, मग बाखचे प्रेल्यूड-फ्यूग, फील्डचे नॉक्टर्न. स्वतःच्या रचना तो मधूनच काढायचा. पण ठरलेला अभ्यासक्रम सगळ्यांना एकाच गतीने, असं नव्हतं. एकीला तो क्लेमेंटीचा एकच प्रेल्यूड आठवडेच्या आठवडे घासायला लावी, दुसरीला दुसऱ्याच धड्याला नॉक्टर्न देऊन टाकी.

हे सगळं वाचून शोपँ म्हणजे मऊ बोलणारा, गोड मास्तर असं वाटेल, तर तसं नव्हतं. त्याचे धडे वादळी म्हणूनही प्रसिद्ध होते. जॉर्ज माथियास या त्याच्या विद्यार्थ्याने आठवण सांगितली आहे की एकदा कोणी इतकं बेसूर वाजवलं की शोपँने खुर्ची मोडली. दणका देऊन वाजवणाऱ्याला तो विचारी, आत्ता कुत्रं भुंकलं का? उमरावांच्या मुली रडत बाहेर पडायच्या. मिकुली त्याचं समर्थन करतो: राग खोटा नव्हता, कारण त्याला ते संगीत मनापासून लागत होतं, आणि डोळ्यांत पाणी दिसलं की तो लगेच विरघळायचा. मला हे समर्थन अर्धंच पटतं. शिष्याचं रडणं हे गुरूच्या निष्ठेचं प्रमाणपत्र मानायची सवय आपल्या घराण्यांनाही होती. तिने किती आवाज कायमचे गप्प केले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तरी विद्यार्थी टिकत होते. व्हिएन्नाची फ्रिडरिके म्युलर १८३९च्या शरद ऋतूत केवळ त्याच्याकडे शिकायला म्हणून पॅरिसला आली आणि जवळजवळ दीड वर्ष राहिली. घरी मावश्यांना ती धड्यांची तपशीलवार पत्रं लिहायची. शोपँचा मूड, त्याची प्रकृती, आज काय वाजवलं, काय बोलला, सगळं त्यात आहे. तिला टिकवून ठेवलं कशाने? तो प्रत्येक वेळी नीट ऐकत होता, याने. त्या पत्रांतून दिसणारा शिक्षक खिडकीबाहेर बघत तास संपायची वाट बघत नाही.

आणि मग प्रश्न येतो की एवढं करून त्याच्या क्लासातून निघालं कोण? लिस्ट उतारवयात वायमारमध्ये फुकट शिकवायचा आणि त्याचे शिष्य पुढे सगळ्या युरोप-अमेरिकेत गाजले. शोपँच्या यादीत राजकन्या मार्सेलिना चार्तोरिस्का, काउंटेस देल्फिना पोतोत्स्का, रोथशिल्ड घराण्यातल्या स्त्रिया, स्कॉटलंडची श्रीमंत जेन स्टर्लिंग. यातल्या बहुतेकींना तिकीट लावून रंगमंचावर बसणं त्यांच्या समाजात शक्यच नव्हतं. खरा विलक्षण मुलगा आला तो कार्ल फिल्च, ट्रान्सिल्व्हेनियाचा, १८४१ साली, अकरा वर्षांचा. याने दौरे काढले की मी दुकान बंद करतो, असं लिस्ट म्हणाल्याचं सांगतात. १८४५मध्ये, पंधरा पूर्ण व्हायच्या आत, तो व्हेनिसला वारला.

म्हणून इतिहासकार म्हणतात की शोपँने घराणं उभं केलं नाही. घराणं हे माप लावलं तर ते खरं आहे. पण हेच माप आज दादर-पार्ल्यातल्या किंवा मडगावच्या एखाद्या घरच्या क्लासला लावून बघा. तिथे येणाऱ्या मुलांपैकी किती जण वादक होणार? एखादा, किंवा एकही नाही. बाकीचे इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षिका होतील आणि चाळिशीत कधीतरी घरातला पियानो उघडून बसतील. क्लास त्यांच्यासाठी असतो. पालकांना मात्र विचारायचं असतं ते ‘ग्रेड कितवी?’ लंडनच्या ट्रिनिटीच्या परीक्षा १८७७ सालच्या, असोसिएटेड बोर्ड १८८९चं; त्यांच्या आठ ग्रेडच्या शिडीने आपल्याकडच्या पाश्चात्त्य संगीत शिक्षणाला शिस्त दिली हे मान्यच. पण वर्षभर तीनच तुकडे घोटून परीक्षा दिलेल्या मुलाला चौथा तुकडा समोर ठेवला की वाचता येत नाही, ही तक्रार मुंबईतल्या कुठल्याही पियानो टीचरकडून ऐकायला मिळेल. शोपँच्या खोलीत प्रमाणपत्र नव्हतं. तिथल्या बायका वाजवायला शिकल्या तर त्यासाठी वाजवणं हेच कारण होतं.

त्यातल्या काही जणी शिकवायलाही लागल्या. जॉर्ज साँच्या मुलीला, सोलांजला, शिकवण्यासाठी शोपँने आपलीच विद्यार्थिनी मारी द रोझिएर हिची शिफारस केली. मिकुली पुढे लेंबर्गला गेला आणि तिथे त्याच्याकडे पियानोवादक मोरिझ रोझेंथाल शिकला. माथियास पॅरिस कॉन्झर्वात्वारमध्ये प्राध्यापक झाला. त्याच्या वर्गात पुढे संगीतकार झालेला पोल द्यूका होता, आणि अभ्यास न करणारा म्हणून कुख्यात झालेला एरिक सातीही.

१८४८ साली सगळा जम विस्कटला. १६ फेब्रुवारीला शोपँचा पॅरिसमधला शेवटचा कार्यक्रम झाला आणि आठवड्याभरात क्रांती पेटली. फी देणारे घरं सोडून पळाले. जेन स्टर्लिंगच्या आग्रहावरून तो लंडनला गेला आणि तिथे धड्याला एक गिनी घेऊन शिकवू लागला. त्या उन्हाळ्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने जे रडगाणं गायलं ते घरी क्लास घेणारा कोणीही पाठ म्हणून दाखवेल. काही जण नऊ धड्यांचे पैसे बुडवून गावी निघून गेले. काहींनी आठवड्याला दोन धडे ठरवले आणि खाडे करत राहिले. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यावी आणि सांगून केलेल्या खाड्याचा तास भरून द्यावा, न सांगता केलेल्याचा देऊ नये, हा नियम तोंडाने सांगून पुरत नाही, लिहून द्यावा लागतो. पॅरिसच्या दिवाणखान्यातल्या सभ्यतेने शोपँचं सोळा वर्षं भागलं होतं. लंडनमध्ये ती चालली नाही, आणि नवे नियम घालायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

शिकवण्याची पद्धत लिहून काढायला त्याने घेतली होती. काही पानं झाली आणि राहिली. बोटांबद्दल वर जे सांगितलं ते त्या पानांतलंच. मरताना अपूर्ण कागद जाळून टाका म्हणणाऱ्या शोपँने ही पानं मात्र वगळली आणि संगीतकार आल्काँ आणि रेबेर यांच्यासाठी ठेवली. त्यांनीही ती पुरी केली नाहीत. पुढे ती फिरत फिरत पियानोवादक आल्फ्रेद कॉर्तोच्या हाती आली.

पद्धतीपेक्षा जास्त भरवशाचा पुरावा दुसरीकडे आहे: विद्यार्थिनींच्या नोटेशनच्या प्रतींमध्ये. जेन स्टर्लिंगच्या, कामीय दुब्वाच्या प्रती टिकल्या आहेत. त्यांच्यावर शोपँने पेन्सिलीने बोटांचे आकडे घातलेत, फुल्या मारल्यात, छापलेला स्वर खोडून दुसरा लिहिलाय, समासात नवी हरकत काढून दिलीय. गंमत अशी की एकीच्या प्रतीतली हरकत दुसरीच्या प्रतीतल्या हरकतीशी जुळत नाही. ‘ई फ्लॅट’मधल्या सुप्रसिद्ध नॉक्टर्नची तर अशी कितीतरी रूपं हाताशी आहेत. जिचा हात जसा, जिचा कान जसा, तसं तिला. विसाव्या शतकात यान एकियर यांनी पोलंडची राष्ट्रीय आवृत्ती सिद्ध करायला घेतली तेव्हा हा गुंता त्यांच्यापुढे आला. त्यांनी त्या नॉक्टर्नचं छापील रूप दिलंच, आणि शिवाय या पेन्सिलीच्या हरकती भरलेलं रूपही वेगळं छापलं. त्यातली कुठली हरकत घ्यायची आणि कुठली सोडायची, हे मुलाच्या शेजारी बसलेल्या शिक्षकाने ठरवायचं.